सोनेरी पट्टा, निळा पट्टा

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मयुरा गिरडकरच्या एका खांद्यावर औषधांची पिशवी होती, दुसऱ्यावर मनकर्णाबाईंची लाल पर्स होती, आणि हातात अडतीस नावांची यादी. सदतीस नावांपुढे खूण झाली होती. अडतिसावे बापूजी. मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात चढेपर्यंत ते तिच्या मागेच होते, आणि मग "चहा कुठी भेटते पाहून येतो" म्हणून जे गेले ते गेलेच.

ती घाईत आत शिरली आणि थबकली. लिफ्टमध्ये गालिचा होता. कोपऱ्यात मखमली बाक होता, आणि बाकावर एक उंच, सावळा तरुण मांडीवर भलीमोठी पांढरी बशी घेऊन बसला होता. बशीच्या मधोमध बोटाच्या पेराएवढं काहीतरी, त्यावर एक हिरवं पान. तो त्याच्याकडे मोठ्या दुःखाने पाहत होता.

दार मिटलं. मयुराने बटणं पाहिली. पाच, आठ, नऊ, दहा, अकरा. बस्स, एवढीच.

"चौथा कुठे आहे?"

"नाही आहे," तो म्हणाला.

"चौथा मजलाच नाही? मग माझे अडतीस लोक झोपणार कुठे?"

"जहाजाले आहे ना चौथा. या लिफ्टले नाही."

त्या 'ले'ने मयुराचे कान टवकारले. सकाळपासून ती मुंबईकरांशी ओठ सांभाळून बोलत होती. जबडा दुखायला लागला होता.

"नागपूर?" तिने विचारलं.

"हाव... तुम्ही?"

"मनीषनगर."

"अरे बाप्पा. आम्ही वर्धा रोडले. दहा मिनिटं." त्याने बशी पुढे केली. "घ्या. सकाळपासून चौथी डिश आहे. पोटाले अजून पत्ताच नाही लागला."

तेवढ्यात नववा मजला आला. दारात गणवेशातली एक बाई सुगंधी, गार रुमालांचं तबक घेऊन उभी होती. तिची नजर मयुराच्या चेहऱ्यावर न जाता सरळ मनगटावर गेली. मनगटावर निळा पट्टा होता. बाई फार गोड हसली. निळ्या पाहुण्यांसाठी दुसरी बाजू आहे, असं म्हणाली आणि काचेच्या दारापलीकडचा जिना दाखवला. रुमाल दिला नाही.

मयुरा जिना उतरायला लागली. दोन पायऱ्यांनंतर तिच्या लक्षात आलं की तो तरुणही बशी सांभाळत मागून येतोय.

"तुम्ही कशाला येताय?"

"चहा शोधायले. वर जे देऊन राहिले, त्याले चहा म्हणणं म्हणजे..." वाक्य त्याने सोडून दिलं. पुढचे शब्द पाहुण्यांसमोर बोलण्यासारखे नसावेत.

आठव्या मजल्यापर्यंत कळलं की त्याचं नाव हर्षित वैरागडे. सातव्यापर्यंत कळलं की वैरागडे मसाल्यांचा कारखाना त्याच्या वडलांचा, आणि तिथे प्रत्येक घाण्याचं तिखट चाखून पास-नापास करणं हे त्याचं काम. "म्हणजे पगार घेऊन रडता," मयुरा म्हणाली. तो एकदम मोकळा हसला. सहाव्या मजल्यावर त्याने न विचारता तिच्या खांद्यावरची लाल पर्स काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली. हातात पांढरी बशी, खांद्याला बायकी पर्स, मनगटावर सोन्यासारखा लखलखता पट्टा. मयुराने यादी तोंडावर धरली आणि हसून घेतलं.

बापूजी पाचव्या मजल्यावर चहाच्या मशीनपाशी सापडले. हर्षितकडे त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

"तू मधुकरचा पोट्टा ना गा?"

"बापूजी? तुम्ही इथी कसे?"

नागपूरच्या महाल भागात दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून होती. मधुकररावांची पिठाची नि मिरचीची चक्की तेव्हा तळमजल्यावर होती आणि ती सुरू झाली की सगळी गल्ली शिंकायची. पोस्टातून निवृत्त झालेले बापूजी आजही त्या गल्लीतच राहत होते. वैरागडे अकरा वर्षांपूर्वी वर्धा रोडला गेले.

"मधुकर कुठी आहे?" बापूजींनी विचारलं.

"बाबा? वर."

बापूजींचा चेहरा पडला. त्यांनी सावकाश डोक्यावरची टोपी काढली. "केव्हा झालं गा? कोणी कळवलंही नाही..."

"तसं वर नाही, बापूजी. नवव्या मजल्यावर."

तर या जहाजाची अशी रीत होती. सोनेरी पट्ट्याच्या मंडळींना वरचे चार मजले. त्यांची लिफ्ट वेगळी, जेवणघर वेगळं, पोहायचा तलाव वेगळा, जहाजावर चढायचं-उतरायचं दारसुद्धा वेगळं. उरलेल्या दोन हजार माणसांच्या हातात निळे पट्टे. सोनेरीवाले मनात आलं की खाली येऊ शकत. निळेवाले वर जाऊ शकत नसत.

"माझा आजा बोटीने रंगूनले गेला होता," बापूजी चहा फुंकत म्हणाले. "तेव्हाही वरचे वर, खालचे खाली. मधात काही वर्षं म्हणे सगळे एकाच ठिकाणी बसून जेवत होते. आता पुन्हा दारं लावली. लोकाइले करमत नसन."

मयुराला या दारांशी भांडायचं नव्हतं. नागपूरच्या सदरमधल्या ज्या ट्रॅव्हल कंपनीत ती तीन वर्षं काउंटरवर बसून तिकिटं काढत होती, तिथल्या विश्वनाथ सरांनी पहिल्यांदाच तिला एकटीला टूर दिली होती. चार दिवस, मुंबई ते लक्षद्वीप आणि परत. "एक तक्रार आली का पुन्हा काउंटर," असं त्यांनी हसत सांगितलं होतं. पण विश्वनाथ सर हसत जे सांगत, ते करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षित लिंबू मागायला खाली आला. अकरा वाजता लिंबू पोचल्याचं सांगायला आला. दुपारी काहीच कारण सापडलं नाही, तेव्हा कारण न सांगता आला.

निळ्या मंडळींचा मोकळा डेक जहाजाच्या मागच्या टोकाला होता, सातव्या मजल्यावर. वारा असा की मयुराच्या यादीचे कागद सारखे फडफडायचे आणि हर्षित ते दोन्ही हातांनी दाबून धरायचा. कागदांबरोबर कधी तिची बोटंही दाबली जायची. मग दोघंही समुद्राकडे पाहायचे.

"वर डेक नाही का?" ती विचारायची.

"आहे ना. फार मोठा."

"मग?"

"तिथी वारा नाही."

"एकाच जहाजाला वर वारा नाही आणि खाली आहे?"

"काच लावली आहे त्याइनं. कोणाचा केस नाही हलत." त्याने तिच्या कपाळावर भुरभुरणाऱ्या बटेकडे पाहिलं. "इथी बरं आहे..."

मयुराने बट कानामागे सारली. ती लगेच पुन्हा पुढे आली. तिने परत सारली नाही.

डेकच्या बरोबर दोन मजले वर वैरागड्यांच्या सूटची गच्ची होती. तिथून मधुकरराव दिवसातून दहा वेळा खाली पाहत. खाली बापूजींचा रमीचा डाव रंगलेला असे. "मधुकर, ये गा खाली, एक भिडू कमी आहे," असं बापूजी ओरडत. मधुकरराव प्रचाराच्या गाडीवरून करतात तसा हात करत आणि आत जात. सगळ्या नागपूरला सांगून ते वरच्या वर्गात आले होते. आता खाली जाऊन पत्ते कुटायचे म्हणजे...

कुसुमताईंचं दुखणं वेगळं होतं. हर्षितची आई दोन दिवस अर्धपोटी होती. सोनेरी जेवणघरात सात वेळा बशी बदलायचे आणि सातही वेळा तिच्यात अळणीच काहीतरी यायचं. बापूजींच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी मात्र नागपुरातून हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी आणि दोन डबे चिवडा आणला होता. महालात दोघींनी वर्षानुवर्षं या चुलीवरून त्या चुलीवर वाट्या फिरवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी कुसुमताईंनी परकरांचे नाडे एकाला एक गाठवले, टोकाला कापडी पिशवी बांधली आणि गच्चीवरून सोडली. पिशवीत चिठ्ठी होती. "मनकर्णे, ठेचा पाठव. ह्यांना कळू देऊ नको."

"पोरी, जरा धर वं," मनकर्णाबाई मयुराला म्हणाल्या. पिशवी वाऱ्याने हिंदकळत होती. मयुराने नाडा धरला, मनकर्णाबाईंनी ठेच्याचा डबा आत ठेवला, आणि वर कुसुमताई ओढायला लागल्या.

मधला आठवा मजला कोणाच्या लक्षातच आला नाही. त्या मजल्यावर, मागच्या बाजूला छतापासून जमिनीपर्यंत काच लावलेलं सोनेरी जेवणघर होतं. तिथे त्या वेळी जहाजाचे मोठे अधिकारी निवडक पाहुण्यांसोबत जेवत होते. त्या निवडकांत मधुकररावही होते. वारा आला. पिशवी काचेसमोर लोंबकळली, डावीकडे गेली, उजवीकडे आली, काचेवर धप्पकन आपटली आणि सावकाश फिरली. तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं होतं: 'वैरागडे तिखट, एकदा खाल तर आठवाल'.

पुढच्या पाच मिनिटांत सुरक्षेचे दोन लोक डेकवर हजर झाले. नाडा अजून मयुराच्या हातात होता. बाहेरून वस्तू लोंबकळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं त्यांनी सांगितलं, तिचं नाव, कंपनीचं नाव, विश्वनाथ सरांचा पत्ता सगळं लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत मेल जाईल, म्हणाले. मयुराने मनकर्णाबाईंचा हात तेवढा घट्ट धरून ठेवला. म्हातारीला रडू येत होतं.

हर्षित पळत खाली आला, ऐकलं, आणि तसाच उलट पळत गेला.

तासाभराने तो परतला तेव्हा त्याच्या हातात रेशमी फीत लावलेली टोपली होती.

"झालं काम," तो धापा टाकत म्हणाला. "मी सांगितलं, दोरी आमची, पिशवी आमची, ठेचा आमच्यासाठी. मॅडमचा काही संबंध नाही. तर त्याइनं मलेच सॉरी म्हटलं."

"तुम्हाला सॉरी?"

"हाव. म्हणे आमच्या जेवणात काय कमी पडलं ते सांगा. अन् हे दिलं." टोपलीत किवी होते, सफरचंदं होती, आणि वर गोल चिकटपट्टी लावलेली परदेशी संत्री होती. नागपूरच्या माणसाला.

त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"नाडा माझ्या हातात होता तर गुन्हा झाला," मयुरा म्हणाली. "तोच नाडा तुमचा म्हटल्यावर फळं."

"पण मेल तर नाही जाऊन राहिला ना आता..."

"हो. तुमच्या मेहेरबानीने."

"मेहेरबानी काहून म्हणता?"

"मग काय म्हणू? तुम्ही दिवसातून पाचदा खाली येता. सगळे म्हणतात, केवढा मोठा माणूस, पण किती साधा पोट्टा. मी एकदा चुकून वर आले तर अर्ध्या मिनिटात मला जिना दाखवला. ते काचेचं दार एकाच बाजूने उघडतं हर्षित, आणि ती बाजू तुमची आहे. तुम्हाला वाटलं की तुम्ही येणार. मी काय करायचं? वाट पाहायची?" तिने आवाज खाली आणला. "तुमचं चुकलं असं म्हणत नाही मी. पण मला ते जमणार नाही."

ती यादी घेऊन निघून गेली. टोपली बापूजींनी ठेवून घेतली.

त्यानंतर जे घडलं ते मयुराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. उतरण्याच्या कागदांसाठी ती पाचव्या मजल्यावरच्या काउंटरपाशी रांगेत उभी होती. तीन माणसं पुढे हर्षित होता. त्याला ती दिसली नव्हती.

"मले निळा पट्टा पाहिजे," तो काउंटरवरच्या मुलाला समजावत होता. "हा काढा. निळा द्या."

मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. खालून वर जायचा अर्ज होता. वरून खाली जायचा नव्हता. मुलाने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी हर्षितच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हा पाहुणा फार नाराज आहे असं ताडलं. त्यांनी आधी चॉकलेटचा डबा दिला. हर्षित नको म्हणाला. मग तेल-मालिश फुकट देऊ केली. हर्षित जास्तच जोरात नको म्हणाला. शेवटी वरिष्ठांनी टाळी वाजवली, आणि काळा कोट घातलेला, पांढरे हातमोजे चढवलेला एक सेवक येऊन त्याच्या पाठीशी उभा राहिला. उरलेला प्रवासभर तो हर्षितच्या दिमतीला राहणार होता.

मयुराने पुन्हा यादी तोंडावर धरली. पण या वेळी हसताना तिचे डोळे का भरून आले, हे तिचं तिलाच कळेना.

त्या सेवकाचं नाव अँथनी. तो हर्षितच्या मागोमाग निळ्या डेकवर आला, त्याची खुर्ची झटकली, त्याच्या वडापावाला काटा-चमचा लावला. हर्षित मान खाली घालून खात होता. अर्ध्या तासात बापूजींनी अँथनीला पत्ते पिसायला बसवलं. एक तासाने अँथनीने कोट काढून ठेवला.

आणि मग मयुराला खांबाआड, अँथनीच्या शेजारीच, आणखी एक भिडू दिसला. डोक्यावर मोठी टोपी, डोळ्यांवर बायकी काळा चष्मा, हातात तेरा पानं. मधुकरराव वैरागडे.

"पोरी," ते कुजबुजले, "हर्षितले सांगू नको. मी फक्त हा एक डाव..."

"तुम्हाला वर बरं नाही वाटत का काका?"

मधुकररावांनी पानं जुळवली. "वर सगळे चांगले आहेत," मग म्हणाले. "कोणी भांडतच नाही. मी पत्ता चोरला तरी 'नो प्रॉब्लेम सर' म्हणते. अशानं माणूस खेळन कसा?"

डेकच्या दुसऱ्या टोकाला, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या पलीकडे, कुसुमताई मनकर्णाबाईंच्या डब्यातून चिवडा खात होत्या. "ह्यांले सांगू नको वं माय," त्या मयुराला म्हणाल्या. "त्याइले वाटते मी मालिशले गेली."

एका घरची तीन माणसं, तिघंही एकमेकांना न सांगता खाली आलेली. तिघांचीही गुपितं आपल्या पोटात. मयुराला एकदम या माणसांचा राग धरणं फार कठीण वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं उघडं पडलंच. मनकर्णाबाईंनी निळ्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला पटवून पोह्यांवर घ्यायला वैरागडे तिखटाची झणझणीत हरभऱ्याची तर्री करून घेतली होती. वास सगळ्या डेकभर गेला. पोह्यांच्या रांगेत पहिल्या दहांत कुसुमताई होत्या. विसाव्या जागी काळा चष्मा होता. हर्षित शेवटी आला, अँथनीसकट. रांग वळली आणि तिघं समोरासमोर आले.

"मी जरा पाहायले आलतो," मधुकररावांनी चष्मा काढला, "आपल्या मालाचा रंग कसा उतरला ते."

"चांगला उतरला," कुसुमताई म्हणाल्या. "ताटली घ्या नीट. अंगावर सांडसान."

मुंबई दिसायला लागली. सोनेरीवाल्यांनी आधी उतरावं, अशी घोषणा झाली. हर्षित मात्र मयुराच्या शेजारी, तिच्या अडतीस माणसांच्या सामानात उभा होता. पट्टा अजून मनगटावर होताच. कात्रीशिवाय तो निघत नव्हता.

"नागपुरात भेटू," मयुरा म्हणाली. कालच्या बोलण्याची तिला थोडी लाज वाटत होती.

"नाही," तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं.

"मी सदरच्या ऑफिसात आलो, तर पुन्हा मीच आलो. फोन केला, तरी मीच. तुम्ही म्हणाल्या ते चार वेळा घोटून पाहिलं मी. बरोबर आहे." तो समुद्राकडे पाहत बोलत होता, कान लाल झाले होते. "म्हणून मी नाही येणार. फोनही नाही करणार. तुम्हाला वाटलं तर तुम्ही या. केव्हाही. न विचारता. अन् नाही वाटलं तर..."

लाऊडस्पीकरवर त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. 'तर'च्या पुढे काय, ते राहूनच गेलं.

नागपुरात थंडी पडली. मेल आलाच नाही. विश्वनाथ सरांनी मयुराला पुढची टूर दिली, अंदमानची.

पहिला आठवडा ती हर्षितने शब्द पाळला म्हणून त्याचं मनातल्या मनात कौतुक करत होती. दुसऱ्या आठवड्यात त्याने शब्द पाळला म्हणून तिला त्याचा राग येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याचा नंबर काढला, पाहिला आणि ठेवून दिला. बोलायचं होतं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. आणि समजा ती गेली, आणि त्याने दार उघडून "अरे, तुम्ही?" असं विचारलं तर? त्याच्या घरच्यांनी चार दिवसांची गंमत केली होती, घरी आल्यावर ती विसरून गेले असतील तर? मनगटावरचे पट्टे कापले, पण घरं तर होती तिथेच होती.

रविवारी सकाळी तिने तीनदा कुर्ता बदलला.

"कुठी चालली वं?" आईने विचारलं.

"काम आहे."

"रविवारचं?"

"रविवारचंच आहे," मयुरा म्हणाली आणि स्कूटर काढली.

दहा मिनिटंच लागली. वर्धा रोडच्या त्या वसाहतीला उंच भिंत होती, लाल-पांढरा दांडा होता, आणि दांड्यापाशी एक पिकल्या मिशांचा चौकीदार होता. त्याने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं.

मयुराने नाव लिहिलं. गाडीचा नंबर लिहिला. कोणाकडे: वैरागडे. किती जण: एक. शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं. येण्याचं कारण.

"हे राहू द्या ना काका."

"नाही राहू देता येत मॅडम. कारण लिहिल्याबिगर दांडा नाही उठत."

मयुराने मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. दहा मिनिटांत घरी पोचता आलं असतं. तिने ओठ घट्ट मिटले, दोन शब्द लिहिले आणि रजिस्टर फिरवून परत केलं.

चौकीदाराने ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग फोन उचलला.

"साहेब, तुमच्याकडे एक मॅडम आल्या आहेत. गिरडकर म्हणून. एकट्याच आहेत... कारण? कारण लिहिलं आहे ना, साहेब. 'मुलगा पाहायला.'"

मग मधुकररावांचा आवाज फोनबाहेरही ऐकू आला. "कोणाचा?"

"तुमचाच म्हणते, साहेब."

दांडा उठला.

मयुरा दारापर्यंत पोचेस्तोवर आत पळापळ झालेली होती. मधुकररावांनी बनियनवर घाईघाईत जॅकेट चढवलं होतं. कुसुमताईंनी सोफ्यावरच्या गाद्या सरळ केल्या, तिला मधोमध बसवलं आणि पाणी दिलं. हर्षित कुठेच दिसत नव्हता. आतून भांड्यांचे आवाज येत होते आणि दबलेलं "अवं आई, मीठ कुठी आहे" ऐकू येत होतं.

मग तो आला. ओल्या केसांना कसाबसा कंगवा मारलेला, हातात पोह्यांचा ट्रे. ट्रेमधल्या चार बशा एकमेकींवर किणकिणत होत्या. बशी तिच्यासमोर ठेवून तो समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला आणि मान खाली घातली.

मयुराला आता माघार नव्हती. तिने पाठ ताठ केली.

"नाव काय?"

"हर्षित."

"जरा मोठ्याने."

"हर्षित मधुकर वैरागडे." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं.

"स्वयंपाक येतो?"

"पोहे आजच शिकलो. आत्ताच."

"माझी नोकरी फिरतीची आहे. महिन्यातले दहा दिवस बाहेर. घर सांभाळता येईल?"

"येईल. म्हणजे... शिकीन."

"आमचा पोरगा तसा कामसू आहे," मधुकररावांनी मध्ये तोंड घातलं. "जरा लाजरा आहे, बाकी काही नाही." कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे हलत होते.

मयुराने पोह्यांचा एक घास घेतला, हळूहळू चावला, बशी खाली ठेवली. "बरं," ती उठत म्हणाली. "घरी जाऊन कळवते."

हर्षितचा चेहरा असा उतरला की तिला तो बघवेना, म्हणून ती भराभर बाहेर आली. तो मागोमाग आला, अनवाणीच. तिने स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"किती दिवसांनी कळवता?" त्याने विचारलं.

"पोह्यात मीठ दोनदा पडलंय."

"हात थरथरत होते."

"माझेही थरथरत होते," ती म्हणाली. "तुमच्या त्या रजिस्टरमधलं अक्षर बघ जाऊन. पाहायला-मधला हा नीट आलाच नाही..."

'तुमच्या'वरून 'बघ'वर ती केव्हा आली, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. तो स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला, तिच्या हाताच्या अगदी जवळ.

"मयुरा."

"हं."

"मुलगा... कसा वाटला?"

मागच्या खिडकीचा पडदा हलला. पडद्याआड दोन डोकी होती, एक वर, एक खाली. मयुराने ती पाहिली, आणि न पाहिल्यासारखं केलं.

"पसंत आहे," ती म्हणाली.

"काय म्हणते?" पडद्याआडून मधुकररावांचा आवाज आला.

"गप बसा ना," कुसुमताई म्हणाल्या. "पुढचं ऐकू द्या."